आजी, मुलं आणि बिस्किटांचे तीन डबे: दिवेआगर ते दापोली, सहा दिवस

निघायच्या आदल्या दिवशी

वैशाख पौर्णिमेला पुण्याहून निघायचं, पाच रात्री कोकणात काढायच्या आणि सहाव्या दिवशी परत, असा बेत होता. गाडीत इन्सुलिन घेणाऱ्या आजी, वय ७२, रक्तदाबाची गोळीही चालू. दोन मुलं, नऊ आणि पाच वर्षांची. धाकट्याला गाडी लागते.

अशा सहलीत अडतं ते सकाळी अकराला. नाश्ता आठला होतो, घरगुती खानावळीत पान वाढायला दीड वाजतो आणि मधल्या रस्त्यावर वडापावाखेरीज फारसं काही मिळत नाही. सकाळचं इन्सुलिन घेतलेल्या माणसाला जेवण लांबून चालत नाही. म्हणून तीन डबे घरी भाजून घेतले: मुलांना नानकटाई, आजींना नाचणीची बिस्किटं आणि गाडी लागणाऱ्यासाठी साधी जिऱ्याची खारी बिस्किटं.

नानकटाईचं प्रमाण: मैदा २०० ग्रॅम, बेसन ५०, बारीक रवा २५, तूप १६५, पिठीसाखर १४०, चिमूटभर मीठ, वेलची. उन्हाळ्यात ती बिघडते ती तुपामुळे. वैशाखात ओट्यावर ठेवलेलं तूप पातळ होतं. पातळ तुपात साखर फेसली जात नाही आणि गोळे भट्टीत गेले की पसरून एकमेकांना चिकटतात. तूप आधी फ्रीजमध्ये लोण्याइतकं घट्ट होऊ द्यायचं, मग साखरेबरोबर पांढरं, हलकं होईपर्यंत फेसायचं. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गोळे ताटात मांडून पुन्हा अर्धा तास फ्रीजमध्ये. मग १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. बाहेर काढताना मऊच लागतात, म्हणून जास्त भाजू नयेत. गार होताना खुसखुशीत होतात.

नाचणीच्या बिस्किटांना नाचणीचं पीठ १०० ग्रॅम, कणीक १००, तूप ९०, गुळाची पावडर ७०, अर्धा चमचा बेकिंग पावडर आणि लागेल तसं दोन-तीन चमचे दूध. नुसत्या नाचणीचं बिस्किट डब्यात भुगा होतं, कारण तिला चिकटपणा नाही. एवढ्यात २४ बिस्किटं होतात आणि प्रत्येकात साधारण ९ ग्रॅम कर्बोदकं येतात. ‘नाचणीचं आहे’ म्हणून पाच-सहा खाऊन चालत नाही. आजींचा हिशेब दोन बिस्किटांचा.

डबा भरताना बिस्किटं पूर्ण गार हवीत. कोमट भरली तर वाफ आतच राहते. किनाऱ्यावरची हवा इतकी दमट असते की मोठा डबा दोनदा उघडला तरी सगळी बिस्किटं सादळतात. रोजच्या पुरता एक लहान डबा भरावा. सादळलीच तर जाड तव्यावर, अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवून गार केली की पुन्हा कुरकुरीत होतात.

दिवस पहिला: ताम्हिणी, दिवेआगर

पहाटे साडेपाचला निघालं की मुळशीचं पाणी कोवळ्या उन्हात दिसतं आणि घाट तापायच्या आत उतरता येतो. ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा असं दिवेआगर साधारण १६० किलोमीटर पडतं. थांबत गेलं तर पाच तास.

गाडी लागणाऱ्या मुलाला निघताना दूध देऊ नये. दोन जिऱ्याची बिस्किटं, चार घोट पाणी, पुरे. डॉक्टरांनी दिलेली गोळी घाटाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. लांबचा डोंगर दिसेल अशी जागा, खिडकी उघडी, हातात मोबाइल नाही. पोटात ढवळायला लागलं की मूल आधी गप्प होतं आणि जांभया देतं. तेव्हाच गाडी थांबवावी.

दिवेआगरात सुपारीच्या वाड्यांतून आत शिरलं की उन्हाचा चटका एकदम कमी होतो. १९९७ साली इथल्या एका वाडीत तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. २०१२ साली तो चोरीला गेला आणि २०२१ मध्ये नव्याने घडवलेला मुखवटा मंदिरात बसवला. गावातल्या वयस्कर बायका तो सापडला त्या दिवसाची हकिगत आपल्या घरातल्या लग्नासारखी सांगतात.

मुक्कामाच्या घरच्या काकूंच्या खळ्यावर सुपारी वाळत पडली होती. श्रीवर्धनी रोठा म्हणतात ती हीच. कापली की आत पांढरा भाग जास्त. सोलायच्या आधी महिनाभराहून जास्त ऊन द्यावं लागतं, असं काकू सांगत होत्या. वळवाचा पाऊस अवचित आला की घरातलं प्रत्येक माणूस हातातलं काम टाकून खळ्याकडे धावतं.

संध्याकाळी ओहोटीने किनारा खूप रुंद झाला होता. पाठीमागे केवड्याच्या बनावरून पौर्णिमेचा चंद्र वर आला तेव्हा पश्चिमेला अजून तांबडं होतं. मुलांना पाण्यातून बाहेर काढायला फार वेळ लागला.

*इन्सुलिनचं:* न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. वापरात असलेलं पेन किंवा बाटली ३० अंशांच्या आतल्या तापमानात बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे टिकते; नेमका काळ वेष्टनावर असतो. बर्फाच्या पिशवीला थेट टेकवू नये. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा पातळ झालं तरी निरुपयोगी. पेन आधी रुमालात, मग डबीत, मग गार पिशवीत. उन्हात उभ्या गाडीत ते दहा मिनिटंही सोडू नये. चहाला उतरलो तरी ती पिशवी हातात.

दिवस दुसरा: श्रीवर्धन, हरिहरेश्वर

दिवेआगराहून आरावी, कोंडिवलीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता समुद्राला अगदी लागून आहे. अंतर थोडं, पण दर वळणावर थांबावंसं वाटतं. श्रीवर्धन हे भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. त्यांचं स्मारक आणि लक्ष्मीनारायणाचं मंदिर पाहून अकराच्या आत हरिहरेश्वर गाठलं. मग चार वाजेपर्यंत घरात.

हे ‘अकरा ते चार घरात’ काटेकोर पाळावं. कोकणात पारा ३३-३४ वरच असतो आणि विदर्भ-मराठवाड्याच्या मानाने तो कमी वाटतो. पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांना याचा त्रास लवकर होतो: उठताना भोवळ, पिंडऱ्यांत गोळे, गडद लघवी. पाणी किती प्यायचं आणि गोळीचं काय करायचं हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावं.

कोकमाचंही पाहून घ्यावं. आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस, तो रक्तदाबाला जड. अमृतकोकम साखरेच्या पाकातलं, ते मधुमेहाला जड. हरिहरेश्वरच्या काकूंनी आजींसाठी बिनमिठाची आमसुलं तासभर पाण्यात भिजवून, कुस्करून, नुसतं भाजलेलं जिरं घालून सरबत केलं. एक वाटी आमसुलांना दीड लिटर पाणी पुरतं.

दिवस तिसरा: प्रदक्षिणा, बागमांडला, आंजर्ले

हरिहरेश्वराच्या डोंगराला समुद्राच्या अंगाने प्रदक्षिणा घालता येते, पण ओहोटीलाच. दोन कड्यांमधल्या अरुंद फटीतून पायऱ्या थेट खडकांवर उतरतात. लाटांनी त्या खडकांना मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत, मोठे रांजण कोरले आहेत. वरून रुक्ष दिसणारा कडा खाली गेल्यावर असा निघेल, असं वाटत नाही.

वेळ काढायची कोकणातली रीत सोपी आहे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. त्यापासून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आम्ही वद्य द्वितीयेला होतो. दोनाचे पाऊण म्हणजे दीड. दुपारी दीडला भरती, म्हणून सकाळी साडेसातला ओहोटी. शिवाय पौर्णिमेनंतरचे हे दोन दिवस समुद्र सगळ्यात लांब जातो. साडेसहाला उतरून साडेसातच्या आत फेरी पुरी करावी. पाणी फिरल्यावर खाली राहू नये. हिशेब साधारण असतो, अर्धा तास इकडेतिकडे होतो, तेव्हा देवळाजवळच्या माणसांना विचारल्याशिवाय उतरूच नये. खडकांवर अचानक मोठी लाट येते आणि इथे त्यात माणसं गेली आहेत. शेवाळलेल्या हिरव्या खडकावर पाय नको, आणि पाच वर्षांच्या मुलाचा हात सोडायचा नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी वर काळभैरवाच्या देवळात बसावं. आजींनी तेच केलं.

पुढे बागमांडल्याहून वेश्वीला गाडीसकट फेरीबोट. सावित्रीच्या मुखावरची ही बाणकोटची खाडी. सुट्टीत गाड्यांची रांग लागते आणि रांगेत सावली नसते. नऊच्या आत पोचलं तर बरं. आजींची दोन बिस्किटं आणि मूठभर फुटाणे इथेच झाले.

रांगेत उभ्या असलेल्या एका मावशी जाळीच्या टोपलीतून करवंदं विकत होत्या. काळीभोर, पानाच्या द्रोणात. मुलांना त्यांनी ‘कोंबडा की कोंबडी’ शिकवलं: करवंद दातांनी फोडायचं, आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. खाडी ओलांडेपर्यंत तेवढाच खेळ चालला.

वेळासला कासवांचा हंगाम संपला होता. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्याचा काळ. वेळास नाना फडणवीसांचंही गाव. तिथे न रेंगाळता केळशीवरून आंजर्ले.

रात्री वीज गेली, ती पहाटे आली. फ्रीज बंद. अशा वेळी माठ उपयोगी पडतो: इन्सुलिन घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालायचं, डबी लहान मडक्यात, ते मडकं ओली वाळू भरलेल्या परातीत, वरून ओलं फडकं. वाऱ्याच्या जागी, जमिनीवर ठेवायचं. दमट हवेत माठ कोरड्या मुलखाइतका गार करत नाही, पण खोलीपेक्षा काही अंश कमी नक्की ठेवतो.

दिवस चौथा: कड्यावरचा गणपती आणि धोंडस

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती, म्हणून कड्यावरच्या गणपतीला तृतीयेलाच सकाळी गेलो. गाडी वरपर्यंत जाते. उजव्या सोंडेची मूर्ती, देवळाभोवती थंड फरसबंदी, आणि समोर समुद्रात सुवर्णदुर्ग. दहाच्या आत खाली.

दुपार धोंडसाची. मुक्कामाच्या घरी आजीबाई होत्या, वय ऐंशीच्या पुढे. मागच्या पडवीत आढ्याला केळीच्या सोपटाच्या जाळ्यात जून तवसं, म्हणजे मोठ्या गावठी काकड्या, टांगलेली होती. एक खाली काढून त्यांनी सालाला नख लावून पाहिलं, नख उमटलं नाही, तेव्हा ‘हे चालेल’ म्हणाल्या. ज्याला आपण केक म्हणतो त्याची भट्टीशिवायची जुनी रीत म्हणजे हे धोंडस. वर निखारे, खाली निखारे.

आधी तवशाची दोन्ही टोकं कापून चाखायची. कडू असेल तर पुढे जायचंच नाही, गूळ तो कडूपणा झाकत नाही. साल आणि बिया काढून तवस चोचवायचं, म्हणजे सुरीने बारीक कोचून घ्यायचं. पाणी पिळून टाकायचं नाही, कारण धोंडसात दुसरं पाणी नाही. चार वाट्या चोचवलेल्या तवशाला तीन वाट्या तांदळाचा रवा, दोन वाट्या चिरलेला गूळ, एक वाटी ओलं खोबरं, अर्धा चमचा मीठ, वेलची, मूठभर काजूचे तुकडे.

रवा दोन मोठे चमचे तुपावर तांबूस होईपर्यंत भाजायचा. नुसता गरम करून चालत नाही. कच्चा रवा खाली बसतो आणि वरचा थर चिकट राहतो. तवस आणि गूळ एकत्र उकळायचं, गूळ विरघळून फेस आला की रवा एका हाताने पेरत दुसऱ्या हाताने ढवळायचं. मग खोबरं, मीठ, वेलची, काजू. झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं वाफ. आता ते शिऱ्यापेक्षा थोडं सैल हवं. घट्ट झालं तर भाजल्यावर कोरडं पडतं.

आजीबाईंनी पातेल्याला तूप लावून तळाशी केळीचं पान घातलं, मिश्रण भरून ओल्या हाताने थापलं आणि सपाट झाकण ठेवलं. चुलीतली लाकडं ओढून घेतली. खाली थोडेच निखारे ठेवले, झाकणावर मात्र करवंट्यांचे निखारे चांगले दाट पसरले. गूळ तळाशी लवकर करपतो, म्हणून आच वरून जास्त द्यायची. पंधरा मिनिटांनी वास बदलला. आधी उकडलेल्या काकडीचा होता, मग खरपूस, गुळाच्या कडेचा. त्या झाकण उघडून पाहत नव्हत्या. वास बदलला की निखारे हलवत होत्या. पाऊण तासाने सुरी घातली, ती स्वच्छ निघाली. कडा पातेल्यापासून सुटल्या होत्या, वर तांबूस कवच, त्याला बारीक भेगा.

“आत्ता कापशील तर भुगा होईल,” त्या म्हणाल्या. “गार होऊ दे गो.”

कापलं संध्याकाळी सहाला. वर तूप, बाजूला नारळाचं दूध. तांदूळ आणि गूळ दोन्ही असल्याने आमच्या आजींनी काडेपेटीएवढी वडी घेतली आणि रात्रीचा भात सोडला. नेहमीपेक्षा वेगळं खाल्लं की दोन तासांनी साखर मोजावी. पुढच्या वेळी वडी केवढी घ्यायची ते त्यावरून ठरतं.

आंब्याचंही तसंच. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे जवळपास एका लहान पोळीइतकी. आंबा हवा असेल तर एक पोळी कमी करायची, आणि फोडी खायच्या. आमरसाची वाटी नको. तीत किती आंबे गेले ते कळत नाही.

दिवस पाचवा: हर्णै, दापोली

पहाटे धाकट्याला जुलाब सुरू झाले. आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावर खाल्लेला बर्फाचा गोळा, हेच कारण दिसत होतं. बर्फ कुठल्या पाण्याचा ते कळायला मार्ग नसतो.

ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने अर्ध्या लिटरात घालू नये, कारण पाकिटातले क्षार सारखे मिसळलेले नसतात. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याने किंवा घोटाघोटाने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळू सुरू करायचं. केलेलं पाणी २४ तासांनी टाकून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. खोक्यातली गोड फळपेयं ही ओआरएस नव्हेत, त्यातल्या साखरेने जुलाब वाढतात. जेवण बंद करू नये: मऊ भात, ताक, केळं. सहा-आठ तास लघवी न होणं, डोळे खोल जाणं, शौचात रक्त, मूल मरगळून पडणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना. दापोली जवळ असल्याने दहा वाजता डॉक्टरांना दाखवून झालं. त्यांनी झिंकच्या गोळ्या दिल्या. जुलाब थांबले तरी त्या सांगितलेले दिवस पुऱ्या करायच्या असतात. दुपारपर्यंत पोरगं खेळायला लागलं.

दापोली समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० फुटांवर आहे आणि तो फरक अंगाला कळतो. १९७२ साली स्थापन झालेलं कोकण कृषी विद्यापीठ इथलंच. ‘रत्ना’ हा नीलम आणि हापूस यांचा संकर, आणि रत्ना-हापूसच्या संकरातून आलेला, कोय अगदी पातळ असलेला ‘सिंधू’, हे त्याच विद्यापीठाचे आंबे. हापूस बाहेरून सोन्यासारखा दिसतो आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट साका निघतो. रत्नात साका होत नाही. घरी केकसाठी गर काढायचा असेल तर रत्ना बिनधास्त घ्यावा.

संध्याकाळी हर्णैचा लिलाव. होड्या लागतात, टोपल्या वाळूवर उतरतात, आणि कोळणी चार शब्दांत सौदा उरकतात. १ जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून मे अखेरीस गर्दी जास्त. पापलेट घेताना एका मावशींनी कल्ला उघडून दाखवला: लालभडक हवा, तपकिरी नको. पुण्यापर्यंत न्यायचे असतील तर साफ करून, बर्फात, पाणी निथळेल अशा खोक्यात भरावे.

दिवस सहावा: परत, आणि घरची भट्टी

मंडणगडमार्गे महामार्ग, माणगाव, ताम्हिणी. पहाटे निघून दुपारी घरी. आंबे अर्धे पिकलेले घ्यावेत, गवतात, पेटीची भोकं उघडी ठेवून, आणि तापणाऱ्या डिकीत ठेवू नयेत.

आजीबाईंनी एक तवस सोबत दिलं होतं. घरच्या ओव्हनमध्ये तेच प्रमाण निम्मं करून, सहा इंची डब्यात, १८० अंशांवर. पहिली २५ मिनिटं वर फॉइल, मग ती काढून १५ मिनिटं. निखाऱ्यांचं काम शेवटची तीन मिनिटं वरच्या ग्रिलने करायचं, आणि तेव्हा भट्टीसमोरून हलायचं नाही. पहिल्या खेपेला मध्ये ओलसर राहिलं, कारण तवस पाणीदार होतं आणि ते शिजवताना पुरेसं आटवलं नव्हतं. चमचा फिरवल्यावर तळाशी वाट राहिली पाहिजे, तेवढं आटल्यावरच मिश्रण डब्यात ओतावं. दुसऱ्या खेपेला गावच्या काकडीवर केलं, गूळ अर्धी वाटी कमी घातला. ते जमलं. रात्रभर झाकून ठेवलं आणि सकाळी कापलं.